सर्ऱ्याला ज्याची गरजच उरली नाही

घोडा खातो-पितो, तरी खंगत जातो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. पोटाखाली आणि पायांवर सूज चढते, मागचा भाग लुळा पडू लागतो. हा सर्रा. 1880 साली डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स यांनी घोड्या-उंटांच्या रक्तात त्याचा जंतू पाहिला, म्हणून तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. घोडमाश्या एका जनावराला चावून लगेच दुसऱ्याला चावल्या की तो पसरतो. गाई-म्हशी बऱ्याचदा वरून धडधाकट दिसतात आणि जंतू अंगात वागवत राहतात.

आफ्रिकेत निद्रारोग देणारा ट्रिपॅनोसोमा ब्रुसी हा त्याचाच भाऊबंद. त्याच्या मायटोकाँड्रियातला बराचसा आरएनए जनुकावरून उतरतो तो अर्धवटच. 1986 मध्ये अॅमस्टरडॅमच्या रॉब बेन यांच्या गटाला आरएनएत युरिडिनची चार अक्षरं अशी सापडली, जी जनुकात नव्हतीच. पुढे एका आरएनएत तर निम्म्याहून जास्त मजकूर मागाहून घातलेला निघाला! या दुरुस्तीत कुठे भर घालायची ते छोटे मार्गदर्शक आरएनए सांगतात, पण काम प्रथिनांचं. एक प्रथिन आरएनए कापतं, दुसरी काही युरिडिन घालतात किंवा काढतात, लायगेज टोकं सांधतं. जंतू रक्तात आहे की त्याला वाहणाऱ्या त्सेत्से माशीच्या पोटात, यावर कोणता आरएनए दुरुस्त होणार हेही बदलतं. 2001 मध्ये सिएटलच्या केन स्टुअर्ट यांच्या गटाने यातलं एक लायगेज बंद पाडलं, तर रक्तातले जंतू जगले नाहीत. माणसात किंवा घोड्यात अशी दुरुस्ती होत नाही. म्हणून इथेच औषध शोधावं, हा विचार पुढे आला. तो रास्तच आहे.

पण आपल्या सर्ऱ्याचा जंतू वेगळा निघाला. दुरुस्त करायची ती मायटोकाँड्रियल जनुकंच त्याने गमावली आहेत. ऊर्जेच्या यंत्रणेतल्या एका प्रथिनात बदल झाला आणि त्यांच्यावाचून त्याचं भागू लागलं. असा एकच बदल पुरतो, हे 2013 मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी ब्रुसीवर दाखवलं. सर्ऱ्याचा जंतू आता आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीत वाढू शकत नाही, आणि त्याला तिची गरजही नाही. त्यामुळेच तो आफ्रिकेबाहेर पडून इथवर पोहोचला. म्हणजे दुरुस्ती रोखणारं औषध उद्या आलं, तरी आपल्या घोड्यांसाठी त्यावर भिस्त ठेवता येणार नाही.

आजार जनावरांचा म्हणून सोडून देण्याजोगाही नाही. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच जंतू सापडला. माणसाच्या रक्तातलं एपीओएल-1 हे प्रथिन त्याला मारतं. या शेतकऱ्याच्या शरीरात ते तयारच होत नव्हतं. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

तळोद्याहून हे लिहिताना माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात देशभरातून घोडे येतात. तिथे दात आणि चाल बघून सौदा ठरतो. त्याआधी रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची सोय बाजारातच असावी. एका तपासणीत जंतू हुकू शकतो, म्हणून नवा घोडा घरी नेल्यावर काही दिवस वेगळा बांधावा आणि पुन्हा तपासावा. दुसरं, आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयांनी इथल्या जनावरांतले जंतू गोळा करून त्यांची जनुकं वाचावीत. ब्रुसीवर झालेलं काम मोलाचं आहे, पण आपल्या जंतूची माहिती आपल्यालाच जमवावी लागेल.