रक्ताआधी फुंकर
कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या कुरुंदवाड परिसरात उसाचे पाचट जळते, चुलीही धुमसतात. अशा धुराने विडी न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) होतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सहलेखक पीटर बार्न्स यांच्यासह मांडले. पण तो एका रक्तचाचणीत सापडेल, ही आशा भाबडी आहे. निदान ठरते स्पायरोमेट्रीने, म्हणजे फुंकर मोजून: श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावरही पहिल्या सेकंदातली हवा एकूण फुंकरीच्या 70 टक्क्यांहून कमी भरली, तर. रक्त काढणे सोपे, हा आक्षेप खराच. रक्ताचा उपयोगही आहे: सीओपीडीत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटर रक्तात 300 च्या वर असल्या तर स्टेरॉइडचा पंप उपयोगी पडण्याची शक्यता वाढते, 100 च्या खाली फारशी नसते, पण या पेशी जंतांनीही वाढतात (आपल्याकडे हे विसरून कसे चालेल?). रक्त उपचार निवडायला मदत करते, रोग ओळखत नाही. कुरुंदवाडसह शिरोळ तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांना आधी स्पायरोमीटर आणि तो चालवणारा तंत्रज्ञ द्या.