न्हाणीघराचा हिशेब: दुरुस्ती की नवे?

इतवारीतील कित्येक जुन्या इमारतींत खाली दुकान वा गोदाम आणि वर राहते घर, अशी रचना आहे. वरच्या न्हाणीघरातील तोटी गळू लागली, की ती दुरुस्त करावी की नवीच बसवावी, असा प्रश्न निघतो. उत्तर बहुधा नव्या नळाच्या चकाकीवरून दिले जाते; ते भिंतीच्या आत काय आहे यावरून ठरावयास हवे.

उघड्या नळाचे काम सोपे. जुन्या नळात झिजते ते वॉशर, पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात आतले कार्ट्रिज. पितळी अंग शाबूत असेल, तर तेवढा भाग बदलणे पुरे. बोअरवेलच्या जड पाण्याने शॉवरच्या जाळीत साचलेला पांढरा क्षार लिंबाच्या रसाने सुटतो. तेवढ्यासाठी शॉवर भंगारात देणे ही उधळपट्टीच. कमोडला तडा गेला असेल, तर मात्र चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये. वजनाखाली तो तुटल्यास इजा गंभीर होते.

खरा पेच भिंतीत पुरलेल्या डायव्हर्टरचा. त्यावर दुसऱ्या कंपनीची मूठ सहसा बसत नाही. नवा संच घ्यायचा, तर टाइल्स फोडणे आले, आणि त्याच छटेच्या टाइल्स काही वर्षांनी मिळतीलच असे नाही. तेव्हा खर्च नळाचा कमी, भिंतीचा अधिक. आतले कार्ट्रिज मिळते आहे तोवर दुरुस्तीच करावी. याउलट, जुना लोखंडी पाइप गंजला असेल, तर एका जागी ठिगळ लावले की पाणी दुसरी जागा शोधते. तेथे सगळी लाइन एकदाच बदलणे स्वस्त पडते.

विलंब मात्र महाग. अग्निविम्यात टाकी वा पाइप फुटून झालेली हानी सहसा धरलेली असते. महिनोन्महिने झिरपणाऱ्या ओलीने खालचा माल कुजला, तर ती भरपाई मिळेल या भरवशावर राहू नये. पाण्याचे म्हणाल, तर सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाला सुमारे 20 लिटर पाणी घालवते. तोतलाडोहचा साठा आटल्याने जुलै 2019 मध्ये नागपुरात एक दिवसाआड पाणी येत होते, हे फार जुने नाही.

दुकानाच्या शौचालयावरील खर्चाची नोंद करताना मुंबई उच्च न्यायालयाने 1956 मध्ये न्यू शोरॉक मिलच्या प्रकरणात सांगितलेली कसोटी उपयोगी पडते: असलेली मालमत्ता टिकवण्यासाठी झालेला खर्च चालू दुरुस्तीचा, नवी मालमत्ता किंवा नवा लाभ उभा करणारा खर्च त्यात बसत नाही. घरच्या न्हाणीघराच्या बिलाला दुकानाच्या वहीत अर्थातच जागा नाही.

प्लंबरला बोलावण्यापूर्वी फ्लशच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास ती वापरू नये. कमोडमध्ये रंग उतरला, तर टाकीच्या तळाचे रबर गेले आहे. तेवढेच बदलून घ्यावे.