जंगल नको, लॉन पाहिजे

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दरवर्षी मे महिन्याच्या मध्यावर एक पोल पडतो. ‘यंदा कॅम्पिंग कुठे?’ तो पोल टाकणारी मी. लिंका शोधायच्या, रेटिंग बघायचं, भाव करायचा, ॲडव्हान्स पाठवायचा आणि ऐनवेळी गळणाऱ्यांच्या मागे पैशांसाठी लागायचं, हे सगळं गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे, त्यातली पहिली आरोपी मीच आहे.

आरोप असा की, आपल्याला जंगलात जायचंच नसतं. आपल्याला जंगलाच्या मधोमध एक लॉन हवं असतं. त्यावर रंगीत तंबू, तंबूंवर दिव्यांच्या माळा, कोपऱ्यात स्पीकर आणि मागे फोटोपुरतं थोडं हिरवं.

खोटं वाटत असेल तर कुठल्याही कॅम्पची जाहिरात उघडा. लेक-फेसिंग टेंट. लाइव्ह म्युझिक. अनलिमिटेड बार्बेक्यू. प्रोजेक्टरवर मॅच. तंबूला लागून पार्किंग. झाड हा शब्द शोधून सापडत नाही. पण त्या कॅम्पवाल्याला शिव्या देऊन आपली सुटका नाही. आपण जे विचारतो, तेच तो लिहितो. हा लेख लिहायला बसण्याआधी मी माझे जुने चॅट उघडले. सहा वर्षांत निरनिराळ्या कॅम्पवाल्यांना मी काय विचारलंय? चार्जिंग आहे का. वेस्टर्न टॉयलेट आहे का. चिकन अनलिमिटेड ना? म्युझिक किती वाजेपर्यंत? ‘आजूबाजूला झाडं कुठली आहेत’ हे एकदाही नाही. ‘जमीन कोणाची’ हेही नाही.

आता मला हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारावासा वाटतो. तो डोक्यात कसा शिरला, ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पवना धरणाच्या काठी एका कॅम्पला गेलो होतो. समोर पाणी, मागे तुंगचा सुळका, रेटिंग उत्तम. संध्याकाळी सातला स्पीकर सुरू झाले. आमच्या कॅम्पचे वेगळे, शेजारच्याचे वेगळे, त्याच्या पलीकडच्याचे वेगळे, त्यामुळे तीन गाणी एकदम ऐकू येत होती. रात्री दहानंतर मोकळ्या जागेत लाउडस्पीकर लावता येत नाही, हा नियम 2000 सालापासून आहे. आमच्याकडे दीडपर्यंत चालू होते. हॅलोजनमुळे तंबूच्या आतसुद्धा पुस्तक वाचता आलं असतं. तारा दिसली नाही एकही.

पहाटे झोप लागेना म्हणून काठाकाठानं चालत गेले. बाटल्या, थर्माकोलच्या प्लेटा, ओले वाइप्स. तंबूंच्या मागे टॉयलेटची रांग होती आणि तिथून निघालेला एक पाइप सरळ उताराला लागलेला. उतार पाण्याकडे. मी चिंचवडला राहते. आमच्या नळाला पवनेचंच पाणी येतं. म्हणजे शनिवारी रात्री आम्ही जे केलं, ते गाळून-शुद्ध करून आम्हालाच परत येणार होतं, आणि हिशेबानं पाहिलं तर तेच बरोबर होतं.

परतताना सकाळचे पोहे घेऊन आलेल्या काकांशी बोलत उभी राहिले. वय सत्तरीचं असावं. मी उगाच विचारलं, “काका, तुमचं गाव कुठलं?” त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि पाण्याकडे हात केला. “ते काय तिथं. आता पाणी हाये.”

पवना धरण सत्तरच्या दशकात उभं राहिलं. ज्यांची शेतं आणि घरं त्यात गेली, त्यांच्यातल्या अनेकांचं पुनर्वसनाचं भांडण पन्नास वर्षांनंतरही मिटलेलं नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाघेश्वराचं जुनं देऊळ वर येतं आणि आपण त्याची रील करतो. 9 ऑगस्ट 2011 ला याच धरणातून थेट पिंपरी-चिंचवडला जाणाऱ्या बंद जलवाहिनीला विरोध करायला मावळातले शेतकरी एक्स्प्रेसवेवर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन माणसं मेली. तेव्हा मी शाळेत होते. घरी त्या दिवशी काय बोलणं झालं ते आठवत नाही, पण पाणी आलं नाही असं काही झालं नव्हतं, एवढं नक्की.

ज्या माणसाचं शेत त्या पाण्याखाली आहे, तो त्याच पाण्याच्या काठी दुसऱ्याच्या कॅम्पवर मला पोहे वाढत होता. आणि मी रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं, ‘स्टाफ कोऑपरेटिव्ह, पोहे थंड’.

*

काजव्यांचं प्रकरण याहून वाईट, कारण तिथे आपण ज्याला बघायला जातो त्यालाच मारून येतो.

वळवाचे एक-दोन पाऊस झाले की, मेच्या शेवटापासून मृगाच्या आसपासपर्यंत भंडारदऱ्याच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं काजव्यांनी लखलखायला लागतात. घाटघर, रतनवाडी, साम्रद, मुतखेल ही नावं आता पुण्या-मुंबईत सगळ्यांना पाठ आहेत. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. शनिवारी रात्री तिथे गाड्यांची रांग लागते. हेडलाइट चालू, हॉर्न चालू, खिडकीतून टॉर्च. वनखात्यानं वेळेची बंधनं घालून पाहिली. रांग काही हटत नाही.

आता काजवा काय करत असतो ते बघा. त्याचं बहुतेक आयुष्य अळी म्हणून जमिनीत आणि पालापाचोळ्यात जातं. तिथे तो गोगलगायी खातो. पंख फुटल्यावर त्याच्या हातात जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. त्या दिवसांत त्याला एकच काम असतं, जोडीदार शोधणं. लुकलुकणं ही त्याची हाक आहे. नर हाक देतो, मादी उत्तर देते, आणि अनेक जातींत ती खाली गवतात किंवा झुडपात बसलेली असते. अंधार असेल तरच ही हाक पोचते. आपण त्या जागी गाडीचा दिवा मारतो, मोबाइलचा फ्लॅश मारतो, आणि अजून जवळून दिसावं म्हणून झाडाखालच्या गवतात बूट घालून शिरतो. ज्या मादीला उत्तर द्यायचं असतं, ती आपल्या बुटाखाली असू शकते.

आणि फोटो? मोबाइलवर काळा चौकोन येतो. जे फोटो बघून आपण जातो, ते कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, बराच वेळ शटर उघडं ठेवून, अनेकदा कित्येक फोटो एकावर एक रचून केलेले असतात. तसं डोळ्यांना कधीच दिसत नाही. पण डोळ्यांना जे दिसतं, ते फोटोपेक्षा कितीतरी मोठं आहे. त्यासाठी फक्त वीस मिनिटं काहीही न पेटवता बसावं लागतं.

हे मला गेल्या वर्षी कळलं. अकोले तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही तिघीच एका घरी राहिलो. ग्रुपमधल्या बाकीच्यांना तिथे ‘काहीच नाही’ म्हणून यायचं नव्हतं. रात्री जेवणात नागलीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं होतं. जेवून बाहेर पडलो तेव्हा मी सवयीनं मोबाइलचा टॉर्च लावला. घरातल्या मावशी मागून म्हणाल्या, “बॅटरी बंद कर गं पोरी, मग दिसंल.” बंद केली. आधी फक्त भीती वाटली. मग कुंपणाची काठी दिसायला लागली, मग मावशींच्या हातातल्या बांगड्या, आणि मग समोरचा सादडा, जो मघापासून लुकलुकत होता.

*

आता आक्षेपांकडे येते. ते मला तोंडपाठ आहेत, कारण आमच्या ग्रुपवर दर वेळी तेच येतात.

पहिला: ‘कॅम्पमुळे गावच्या लोकांना पैसे मिळतात, तुला काय प्रॉब्लेम आहे?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. मुंबई-पुण्याला हमालीला जाण्यापेक्षा गावात राहून चार पैसे मिळत असतील, तर ते थांबवणारी मी कोण? पण मग पैशांचं विचारूच या. आपण माणशी दीड हजार भरतो, त्यातले किती त्या गावात राहतात? जमीन गावातल्याची आहे, की शहरातल्या कुणी विकत किंवा भाड्यानं घेतलेली? गावातला माणूस तिथे मालक आहे की वेटर? याच अकोले तालुक्यात पुरुषवाडी नावाचं गाव आहे. तिथे पाहुणे गावातल्या घरांत जेवतात. म्हणजे दुसरी रीत शक्य आहे. ‘रोजगार’ हा शब्द तोंडावर फेकून पोहे वाढणाऱ्या काकांचा विषय बंद करू नका.

दुसरा: ‘आम्ही आठवडाभर राबतो, दोन दिवस नाचलो तर काय बिघडलं?’ काही नाही बिघडलं. नाचा. त्यासाठी शहरात आणि हायवेला हवे तितके हॉल आणि फार्महाउस आहेत. नाचायला अभयारण्याची हद्द कशाला लागते?

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि तो माझाही होता. ‘मुलींनी अंधारात, आडगावात राहायचं? दिवे नकोत म्हणणं सोपं आहे.’ सोपं अजिबात नाही. दिव्यांच्या माळा बघून मलाही वर्षानुवर्षं हायसं वाटायचं. पण सहा वर्षांत मला खरी भीती एकदाच वाटली. ती त्या हॅलोजनच्या लख्ख उजेडात, पवनेच्या काठी, शेजारच्या तंबूतले पाच पिऊन तर्र झालेले पुरुष आमच्या तंबूची चेन ओढायला लागले तेव्हा. मॅनेजर म्हणाला, “मॅडम, गेस्ट आहेत, ॲडजस्ट करा.” पाड्यावर दिवा नव्हता, पण दाराशी मावशी झोपल्या होत्या आणि शेजारच्या चार घरांना ठाऊक होतं की, यांच्याकडे तीन पोरी आल्यात. टॉयलेट, कडी आणि जबाबदार माणूस, हे तिन्ही मागाच. ते मागणं म्हणजे लाड नाहीत. हॅलोजन आणि सुरक्षितता मात्र एकच आहे, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

*

मग निवडायचं कसं? मी आता ॲपवरून बुक करत नाही, फोन करते. आधी विचारते, जागा कोणाची आणि स्वयंपाक कोण करतं. फोन उचलणाऱ्याला याचं उत्तर देता आलं नाही, की पुढचं ऐकायची गरज नसते. मग विचारते, तंबू किती. पाच-सात असतील तर ठीक. पन्नास असतील तर ती वस्ती झाली, आणि पन्नास तंबूंचं सांडपाणी कुठे जातं हे विचारावंच लागतं. शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक आहे का, आणि पाण्यापासून किती लांब? शेकोटीचं सरपण कुठून आणता? कचरा कोण नेतं? दिवे किती वाजता घालवता? स्पीकर आहे का? ‘नाही मॅडम, आमच्याकडे स्पीकर नाही’ असं ओशाळून सांगणारा माणूस भेटला, की मी लगेच ॲडव्हान्स पाठवते.

अभयारण्यात जायचं असेल तर प्रवेशाची पावती फाडायची आणि वनखात्याची वेळ पाळायची, यात वाद नाही. साहसी खेळ असतील तर नोंदणीचं विचारा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 सालापासून आहे. ओढ्याच्या पात्रात किंवा अगदी पाण्याच्या काठाला तंबू लावून देणाऱ्याला नाही म्हणा, फोटो कितीही छान येत असला तरी. वळवाचा पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी खाली येतं. आणि रिव्ह्यू लिहिताना ‘पोहे थंड’च्या जागी पाइप कुठे जातो ते लिहा. आपल्या रेटिंगवर हा सगळा धंदा उभा आहे. ज्याला आपण पाच तारे देतो, तसे आणखी दहा कॅम्प पुढच्या वर्षी उभे राहतात.

यंदाचा पोल मी गेल्या आठवड्यात टाकला. पर्याय दोनच ठेवले: एक, पाड्यावर घरी राहायचं, दिवे नाहीत, स्पीकर नाही. दोन, लेक-फेसिंग, अनलिमिटेड. निकाल तीन विरुद्ध नऊ. नऊ जणांना मी कळवलंय की, तुमचं बुकिंग यंदा तुम्हीच करा. त्यावर ‘संत झालीस का’पासून ‘ग्रुप सोडून जा’पर्यंत सगळं ऐकून झालंय, आणि ज्यांच्याबरोबर सहा वर्षं फिरले, त्यांच्यातल्या दोघांशी सध्या बोलणं बंद आहे.

मावशींना फोन केला होता. म्हणाल्या, “या की. पण यंदा काजवं कमी हायेत. रोडला लय गाड्या.”