विश्लेषण : छोट्या शहरांच्या कचरा डेपोपर्यंत नियम का पोहोचत नाहीत?

जानेवारी २०१६ मध्ये देवनारची कचराभूमी पेटली तेव्हा मुंबईवरचा धूर साऱ्या देशाने पाहिला. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने मुंबईतील नव्या बांधकामांच्या परवानग्यांना लगाम घातला. पंधरा हजार वस्तीच्या नगरपंचायतीच्या डेपोतला धूर मात्र शेजारच्या वाडीपलीकडे कुणाला दिसत नाही. घनकचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले आहेत. मोठ्या शहरांत त्यांची चर्चा होईलच. त्यांची खरी परीक्षा या छोट्या डेपोंवर आहे.

मुदती किती आणि कधीच्या?

कचऱ्याचे पहिले स्वतंत्र राष्ट्रीय नियम २००० साली आले. कचऱ्यावर प्रक्रिया आणि उरलेल्याची शास्त्रोक्त विल्हेवाट यासाठी त्यांत २००३ अखेरची मुदत होती. ती उलटून गेली. मग २०१६ चे नियम आले. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांना प्रक्रिया केंद्र उभारायला तीन वर्षे, म्हणजे एप्रिल २०१९ पर्यंतचा अवधी मिळाला. जुन्या ढिगांचे बायोमायनिंग करायला किंवा ते शास्त्रीय पद्धतीने झाकून बंद करायला पाच वर्षे, म्हणजे एप्रिल २०२१. त्याही तारखा मागे पडल्या आणि आता तिसरी नियमावली आली आहे.

कागदावर नियम ढिले नव्हते. भरावभूमी नदीपासून १०० मीटर, तर तळे, वस्ती, महामार्ग आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर हवी. तळाशी ९० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा थर हवा. भूजलाची पातळी तळापासून किमान दोन मीटर खाली हवी. भरावभूमी बंद झाल्यावरही पंधरा वर्षे देखरेख हवी. तालुक्याच्या गावाबाहेर गायरानाच्या एका तुकड्यावर, तारेच्या तुटक्या कुंपणात घंटागाड्या रिकाम्या होतात, त्या जागेचा या वर्णनाशी काही संबंध नसतो. ती भरावभूमी नव्हेच. ती फक्त कचरा टाकायची जागा.

पाच टनांची रेघ कोणती?

छोट्या डेपोंचे दुखणे येथे आहे. २०१६ च्या नियमांनुसार रोज पाच टनांपेक्षा जास्त कचऱ्याची प्रक्रिया किंवा विल्हेवाट करणाऱ्या केंद्रालाच प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र घ्यावे लागे. डेपोभोवती बांधकामाला मनाई असलेला पट्टा जाहीर करण्याचे बंधनही पाच टनांपुढेच होते.

पाच टन म्हणजे किती? माणशी रोज ३०० ग्रॅम कचरा धरला, तर साधारण सोळा-सतरा हजार लोकवस्तीचे गाव. महाराष्ट्रात दहा ते पंचवीस हजार लोकसंख्येच्या गावाला नगरपंचायत मिळते. म्हणजे नगरपंचायतींचा मोठा भाग या रेघेच्या आसपास किंवा खालीच राहतो.

छोट्या संस्थांवर कागदपत्रांचा भार नको, हा हेतू समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र उलटा झाला. अधिकारपत्र नाही म्हणून अटी नाहीत, अटी नाहीत म्हणून तपासणीची फाइल नाही, आणि फाइल नसेल तर सरकारी यंत्रणेच्या लेखी तो डेपो जवळजवळ नसतोच. मनाईचा पट्टा नाही, म्हणून गाव वाढता वाढता घरे डेपोला येऊन भिडतात. मग तेच रहिवासी डेपो हलवा म्हणून मोर्चा काढतात आणि डेपोसाठी पुढच्या गायरानाचा शोध सुरू होतो.

पाच टनांखाली मंडळ हतबल होते असे मात्र नाही. नाला किंवा विहिरीत दूषित पाणी जाऊ देण्यास जल प्रदूषण कायद्याने मनाईच आहे आणि त्याला वजनाची अट नाही. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. अडचण वेगळीच आहे. रस्त्याकडेला पालापाचोळा पेटवणाऱ्याची पावती नगरपंचायतीचा स्वच्छता निरीक्षक फाडतो. नगरपंचायतीचा स्वतःचा डेपो पेटला तर पावती कुणी फाडायची? उन्हाळ्यात डेपोला आग ‘लागली’ की ‘लावली’, याचा पंचनामा क्वचितच होतो. ढीग खाली बसला की सगळ्यांचीच सोय होते.

दंडाने प्रश्न का सुटत नाही?

लवादाने जानेवारी २०२० मध्ये नियम न पाळणाऱ्या संस्थांसाठी दरमहा भरपाईचे दर ठरवले. दहा लाखांवरील शहरांना दहा लाख रुपये, पाच ते दहा लाखांच्या शहरांना पाच लाख आणि उरलेल्या सगळ्यांना एक लाख. या ‘उरलेल्या सगळ्यां’मध्ये चार लाखांचे शहरही आले आणि बारा हजारांचे गावही. नगरपंचायतीला वर्षाचे बारा लाख म्हणजे मोठी रक्कम; आणि ती भरायची कुठून, तर ज्या पैशांतून घंटागाडी आणि खताचे खड्डे व्हायचे त्यातूनच. या खिशातून काढून त्या खिशात टाकलेल्या पैशाने डेपोवरचा एक ट्रकही हलत नाही.

कायद्याचे हत्यारही बदलले आहे. जनविश्वास कायद्यामुळे एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण नियंत्रण मंडळांना जल आणि वायू प्रदूषण कायद्यांखाली पर्यावरणाच्या हानीची भरपाई वसूल करता येते, असा निर्वाळा दिला. कारखान्याला याचा धाक वाटेल, कारण तिथे पैसा मालकाचा जातो. डेपोच्या बाबतीत दंड भरते गाव, आणि ज्याने दुर्लक्ष केले तो मुख्याधिकारी तोवर बदलून गेलेला असतो.

सामाईक भरावभूमीचे काय झाले?

पाच लाखांखालील शहरांनी एकत्र येऊन सामाईक भरावभूमी करावी, असा मार्ग नियमांनी दाखवला होता. हिशेबाने तो योग्यच. पण दुसऱ्या शहराचा कचरा आपल्या शिवारात घ्यायला कोणते गाव तयार होईल? पुण्याच्या कचऱ्याने उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे काय झाले, हे साऱ्या राज्याने पाहिले आहे. त्यात वाहतुकीचा खर्च वेगळाच.

मग तपासायचे काय?

छोट्या डेपोवर दीड मिलिमीटरचा थर शोधत बसण्यात अर्थ नाही. दर आठवड्याला कुणालाही तपासता येतील अशा मोजक्या गोष्टी पक्क्या धरल्या, तर तिथे नियम उभा राहू शकतो.

पहिली गोष्ट वजनकाटा. दिवसाला किती कचरा आला, त्यातून किती खत झाले, किती सुका माल भंगारात गेला, याची नोंद असली की उरलेला आकडा म्हणजे खड्ड्यात गेलेला कचरा. हा आकडा महिन्यागणिक कमी होत नसेल तर वर्गीकरण कागदावरच आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. घंटागाडीत ओला-सुका वेगळा घेऊन डेपोवर दोन्ही एकत्र ओतण्याचा प्रकारही याच नोंदीत पकडला जातो. ठेकेदाराचे बिल आणलेल्या टनांवर निघत असेल, तर तो कचरा कमी का होऊ देईल? बिल वेगळा करून दिलेल्या कचऱ्यावर निघाले पाहिजे.

दुसरी गोष्ट पाणी. डेपोपासून ५० मीटरच्या आत भूजल वेगवेगळ्या ऋतूंत तपासावे, असे नियमच सांगतात. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस सच्छिद्र जांभ्यावर पडतो. तिथे जूनपूर्वीचा एक आणि दिवाळीनंतरचा एक असे पाण्याचे दोन अहवाल शेजारी ठेवले तरी कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी कुठे चालले ते कळेल. तिसरी गोष्ट दवाखान्याची पिवळी पिशवी. ती डेपोत सापडली की त्याच दिवशी नोंद आणि त्या दवाखान्याला नोटीस.

नगरपंचायत, नगरपरिषद यांनी कचऱ्याचा वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत मंडळाकडे पाठवावा, असे २०१६ च्या नियमांत होते. माहितीच्या अधिकारात तो कुणालाही मागता येतो. आपल्या गावाच्या अहवालात ‘शंभर टक्के वर्गीकरण’ लिहिलेले दिसले, तर तो अहवाल हातात घेऊन एकदा डेपोवर चक्कर मारावी.

कुठे जमले आहे का?

सिंधुदुर्गातील वेंगुर्ले हे जेमतेम बारा हजार वस्तीचे शहर, म्हणजे पाच टनांच्या रेघेच्या बरेच खाली. तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे घरातूनच वेगळा केलेला कचरा घ्यायला सुरुवात झाली. सुक्या कचऱ्याचे अनेक प्रकार वेगळे केले गेले, ओल्याचे खत आणि बायोगॅस झाला, प्लास्टिक रस्त्यांच्या डांबरात गेले. जुन्या डेपोच्या जागी लोक पाहायला येऊ लागले. यातले काहीच महागड्या यंत्रांवर उभे नव्हते. मात्र एका अधिकाऱ्यावर उभी राहिलेली व्यवस्था तो बदलून गेल्यावर किती टिकते, हा प्रश्न अशा प्रत्येक यशाला विचारावा लागतो. त्यासाठीच नोंदवही हवी. अधिकारी बदलला तरी ती कार्यालयात राहते.

नव्या नियमांनी काय बदलेल?

आता घरातच ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा अशा चार भागांत कचरा वेगळा करायचा आहे. न वेगळा केलेला कचरा भरावभूमीवर नेल्यास जास्त शुल्क पडेल. नोंदी केंद्रीय पोर्टलवर जातील, मंडळाने भरावभूमींचे दर वर्षी लेखापरीक्षण करायचे आहे आणि देखरेखीत जिल्हाधिकाऱ्यांना आणले आहे. छोट्या शहरांसाठी यातली शेवटची बाब सर्वात महत्त्वाची. प्रदूषण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय अनेकदा दोन तालुके पलीकडे असते. तहसीलदार मात्र त्याच गावात बसतो. जिल्हाधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा तहसीलदाराला डेपोवर पाठवून वजनाची वही आणि विहिरीच्या पाण्याचा अहवाल मागवला, तर त्यासाठी नवा निधी लागणार नाही. पोर्टलवर मात्र आकडे नगरपंचायतच भरणार आहे. प्रत्यक्ष ढिगाशी ते ताडून पाहायला कुणी गेलेच नाही, तर तिथेही सगळीकडे शंभर टक्केच दिसेल.