धुण्याच्या पैशांतून विमानापर्यंत

मैत्रिणींनो, लेकीच्या नावानं चार पैसे बाजूला टाकताना तिचं लग्नच डोळ्यांपुढे येतं, नाही का? अमेरिकेतल्या बेसी कोलमनची आई वेगळी. १८९२ साली टेक्सासमध्ये जन्मलेल्या बेसीचे वडील घर सोडून गेले. कापूस वेचून, लोकांची धुणी धुऊन दिवस काढले. तरी धुण्याची कमाई आईनं तिला शिक्षणासाठी साठवू दिली. पुढे शिकागोत ती नखं सजवण्याचं काम करी. काळी, त्यातून बाई. तिथं कुणी विमान शिकवीना! मग फ्रेंच शिकून तिनं फ्रान्स गाठलं नि १९२१ साली वैमानिकाचा परवाना मिळवला. आपल्या लोकांसाठी शाळा काढायचं मात्र १९२६च्या अपघाती मृत्यूनं राहून गेलं. १९९२ साली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, मे जेमिसन, अंतराळात गेली ती बेसीचा फोटो सोबत घेऊनच. तेव्हा ते चार पैसे लेकीच्या शिक्षणालाही ठेवा, बरं का!