फोन हिसकावू नका, वेळ ठरवा

आपल्या वस्तीत बऱ्याच घरांत मोबाईल एकच. आईच्या कामाचे फोन त्यावरच, ताईचा बारावीचा अभ्यास त्यावरच आणि धाकट्याचे गेमही त्यावरच. धाकटा रात्री बारापर्यंत रील्स बघतो, सकाळी वर्गात डुलक्या काढतो. मग आपण फोन हिसकावतो, एखादा फटका देतो आणि रडणे थांबावे म्हणून दुसऱ्या दिवशी आपणच तो हातात देतो.

आम्हाला वाटते, यात चूक मुलाची कमी, आपली जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे, की २ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको. त्याहून लहान बाळाला नकोच.

उपाय फुकट आहेत. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल’ सुरू करून पिन टाका. मोठ्यांसाठीची ॲप उतरणार नाहीत. ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये गेम आणि व्हिडिओला रोजची मिनिटे बांधून द्या. मुलाचा फोन वेगळा असेल तर ‘फॅमिली लिंक’ तो ठरल्या वेळी रात्री बंद करते. जमत नसेल तर विहारात वंदनेनंतर एखाद्या शिकलेल्या मुलीकडून समजून घ्या.

मात्र मिनिटांची मर्यादा हुशार पोर स्वतःच काढते. म्हणून पिन लपवा, पण कारण लपवू नका. पंचशीलातले पाचवे शील नशेपासून दूर राहायला सांगते. ते फक्त दारूपुरते नाही, हे मुलाला सांगा. आणि जेवताना आपलाही फोन बाजूला ठेवा. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले. शिकण्यासाठी घेतलेल्या फोनने मुलांची झोप आणि शाळा खाता कामा नये.