ब्लूबेरीला टेक्ससचं मूळ द्या

ह्यूस्टन परिसरातल्या मराठी परसांत ब्लूबेरीची गत बहुतेक एकच होते. फेब्रुवारीत दुकानातून फुलावर आलेलं रोप घरी येतं, पीट मॉस आणि पाइनच्या सालीत लागतं आणि मे महिन्यात मूठभर फळ देतं. पुढच्या वर्षी पानं पिवळी पडू लागतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग गंधक, मग लोह, मग कुणी सांगितलं म्हणून व्हिनेगर. आणखी एका उन्हाळ्यानंतर कुंडी रिकामी होते आणि ‘आपल्याकडे ब्लूबेरी होत नाही’ असा निकाल लागतो. मला हा निकाल मान्य नाही. आपण वर्षानुवर्षं माती बदलत बसलो आहोत. बदलायला हवं ते मूळ, आणि तेही कलम करून, घरच्या घरी.

या झाडाला काय हवं असतं हे शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवलं, की ब्लूबेरीला आम्ल माती लागते. चुना घातलेल्या सुपीक जमिनीत ती तग धरत नाही. न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट यांनी ते वाचून त्यांना आपल्या शेतावर बोलावलं, आसपासच्या लोकांकरवी रानातली मोठ्या फळांची झुडपं शोधून आणली आणि १९१६ साली त्या लागवडीतली पहिली फळं बाजारात गेली. तिथल्या पाइनच्या रानातली जमीन मुळातच वाळूची आणि आंबट. ब्लूबेरीला हवा तो साडेचार ते साडेपाच सामू (पीएच) तिथे आयता मिळतो.

आपल्याकडे चिकण गाळाची जमीन, आणि बहुतेक वस्त्यांत तिचा सामू सातच्या आसपास किंवा वर. त्यात नळाचं पाणी. त्यातले बायकार्बोनेट गंधकाने मिळवलेला आंबटपणा हळूहळू खाऊन टाकतात. म्हणून पहिल्या वर्षी रोप छान दिसतं आणि नंतर ढासळतं. ब्लूबेरीची मुळं केसासारखी बारीक, वरच्या फूटभर थरातच पसरलेली. त्यांना मूलरोमही नसतात. सामू वर गेला की मातीत लोह असूनही त्यांना ते उचलता येत नाही. ऑगस्टमधल्या दोन कोरड्या दिवसांतही ती मुळं होरपळतात.

आता आपल्याच दाराशी काय उगवतं ते पाहा. पूर्व टेक्ससच्या पाइन जंगलांत फार्कलबेरी नावाचं झाड आहे. काही ठिकाणी त्याला स्पार्कलबेरी म्हणतात. ते ब्लूबेरीच्याच कुळातलं, पण झुडूप न होता एका खोडावर छोटं झाड होऊन वाढतं. फळ काळं, बारीक, पिठूळ. पक्ष्यांना आवडतं, आपल्याला नाही. मूळ मात्र खोल जातं, पाण्याचा ताण सोसतं आणि सामू सहाच्या वर सरकला तरी लगेच पिवळं पडत नाही. फ्लोरिडा आणि ऑरेगनमधल्या विद्यापीठांनी याच्या मुळावर, म्हणजे खुंटावर, ब्लूबेरीची कलमं करून पाहिली आहेत. त्यांचा एक हेतू यंत्राने फळतोडणी सोपी करण्याचा होता: एकच खोड असलं की यंत्रातून निसटून बुंध्याशी फळ कमी सांडतं. आपल्याला यंत्राशी कर्तव्य नाही. आपल्याला त्या मुळाशी आहे.

खुंट बदलून जमिनीची अडचण सोडवणं मराठी शेतकऱ्याला नवीन नाही. नाशिक, सांगली, सोलापूरच्या द्राक्षबागांत खारं पाणी आणि दुष्काळ यांनी थॉम्सन सीडलेसची स्वमुळावरची वेल खचू लागली, तेव्हा शेतकऱ्यांनी डॉगरिज खुंट लावून त्यावर कलमं भरली. आज तो खुंट तिथे घरोघरी ठाऊक आहे. तो मूळचा कुठला? टेक्ससमधल्या बेल काउंटीचा. डेनिसन गावच्या टी. व्ही. मन्सन यांनी तो रानटी द्राक्षांतून निवडला. याच मन्सन यांनी फिलॉक्सेरा किडीने उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्सला टेक्ससच्या चुनखडीत जगणाऱ्या वेलींची वाट दाखवली आणि १८८८ साली फ्रेंच सरकारने त्यांचा गौरव केला. टेक्ससच्या रानातलं मूळ आपल्या गावाकडची द्राक्षं तारतं, आणि त्याच टेक्ससमध्ये राहून आपण एका झुडपासाठी पीटची पोती वाहतो, हे मला पटत नाही.

कलमाच्या विरोधात जे बोललं जातं त्यातलं एक खरोखर वजनदार आहे. ब्लूबेरी छाटलेल्या फांदीपासूनच सहज रुजते. न्यू जर्सीत किंवा मिशिगनमध्ये कलमाची गरजच नाही. शिवाय स्वमुळावरचं झुडूप बुंध्यातून नवे फुटवे काढत स्वतःला नवं करतं. आपण जुन्या फांद्या तळातून कापतो आणि झुडूप अनेक वर्षं टिकतं. कलमी झाडाला ही सोय नाही. जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा फार्कलबेरीचा, तो दिसताक्षणी काढावा लागतो, आणि नवी फांदी जोडाच्या वरच तयार करावी लागते. छाटणीत हयगय करणाऱ्याने कलमाच्या वाटेला जाऊ नये. ज्याची माती मुळात आंबट आहे त्यानेही जाऊ नये. आणि आठ सामूच्या जमिनीत हा खुंटही चमत्कार करणार नाही. वाफ्यात पाइनची साल घालायची आणि पावसाचं पाणी पिंपात साठवायचं हे कलमानंतरही आहेच. फरक इतकाच, की सामू थोडा चुकला तर झाड मरत नाही.

लहान परसासाठी कलमाचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. आपल्या हवेत चालणाऱ्या रॅबिटआय ब्लूबेरीला फळ धरायला दुसऱ्या वाणाचा पराग लागतो. टिफब्लू वाणाचं एकच झुडूप लावून ‘फुलं येतात, फळ नाही’ म्हणणारी कितीतरी घरं आहेत. ज्यांचं स्वमुळावरचं झुडूप छान रुजलं आहे त्यांनी ते मुळीच उपटू नये. त्याच्याच एका फांदीवर जोडीचा वाण भरावा. क्लायमॅक्सला प्रीमियर, टिफब्लूला पावडरब्लू, म्हणजे दोघांचा फुलोरा एका वेळी येईल. एका झुडपाच्या जागेत काम होतं.

कृती अवघड नाही. कोकणात कोय कलम पाहिलेल्याला तर ती ओळखीची वाटेल. हिवाळ्याच्या अखेरीस, डोळे फुटण्याआधी, गेल्या वर्षीची निरोगी काडी घ्यायची. टोकाचे फुगीर डोळे फुलाचे असतात, तो भाग टाकून खालचे बारीक, टोकदार डोळे ठेवायचे. काडी ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये राहते. खुंटाला रस चढू लागला की पाचर कलम करायचं: काडीला दोन्ही बाजूंनी तिरका काप, खुंटाला मधोमध चीर, आणि निदान एका बाजूला सालीखालचा हिरवा थर थराला भिडला पाहिजे. कलमाची पट्टी घट्ट बांधायची, काडीचं टोकही झाकायचं, नाहीतर ती वाळते. पहिल्या वर्षी आलेली फुलं खुडून टाकायची. मुलं हट्ट करतील, तरी खुडायची.

दोन गोष्टींत मात्र सवलत नको. पेटंट चालू असलेल्या नव्या वाणांची काडी परवान्याशिवाय कलमाला वापरणं या देशात बेकायदा आहे. टिफब्लूसारखे जुने वाण आपल्याला पुरेसे आहेत. आणि फार्कलबेरी रानातून उपटून आणू नये. संरक्षित जंगलातून काही उचलायचं नसतंच, शिवाय खोल मुळाचं ते झाड हलवलेलं सहसा जगत नाही. देशी झाडांच्या रोपवाटिकेतून लहान रोप घ्यावं आणि त्याला खोडाची जाडी यायला दोन-तीन वर्षं द्यावीत. बियांपासून करायचं तर त्याहून जास्त धीर हवा.

हा काळ एकेकट्याला लांब वाटतो, म्हणून माझी आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीला विनंती आहे. या वर्षी फार्कलबेरीची रोपं एकत्र मागवा, ती इच्छुक घरांत वाटा, आणि दर फेब्रुवारीत एका सकाळी कलमांचं शिबिर घ्या. ज्यांच्याकडे जुन्या वाणांची निरोगी झुडपं आहेत त्यांनी काड्या द्याव्यात. कोकणात किंवा नाशकात ज्यांनी हातात कलमाचा चाकू धरला आहे अशी वडीलधारी मंडळी हिवाळ्यात इथे येतात. त्यांना शिकवायला बोलवा. नावं जानेवारीच्या सभेआधी कळवा, म्हणजे काड्या वेळेवर कापता येतील.